पडवीची लादी

फरशीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. तारापूरच्या एका कारखान्यात मी माल तपासते. नमुना उजेडात धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं, यात वीस वर्षं गेली. त्यामुळे एडवणला आईच्या घरातला जुना कोबा काढून लाद्या बसवायचं ठरलं, तेव्हा मी कुणालाही न विचारता यादी करून टाकली. मोरीला खरखरीत आणि लहान, म्हणजे सांधे जास्त येतात आणि पाय घसरत नाही. ओट्यामागच्या भिंतीला गुळगुळीत, फोडणीचे डाग एका फडक्यात निघावेत म्हणून. माजघराला आणि पडवीला मात्र एकच, मोठी, दुधी रंगाची, चकचकीत. दारातून पाहिलं की घर कसं ऐसपैस दिसेल, या कल्पनेनेच मी खूश होते.

कोबा काढायचं कारण आई होती. पडवीतल्या एका खड्ड्यात तिचा पाय अडकला आणि खांब हाताशी आला म्हणून ती वाचली. ते ऐकल्यावर मी फोनवरच तिला बजावलं, आता एकदा जरी पडलीस, तर सरळ सरावलीला. सरावलीला माझा फ्लॅट आहे. बाबा गेल्यापासून आई एडवणला एकटीच राहते, घरामागच्या पानवेली सांभाळते, रोज सकाळी पडवीत बसून विड्याची पानं निवडते, त्यांवर पाणी शिंपडते आणि जुड्या बांधते. माझ्या गॅलरीत एक तुळस तेवढी मावते. मी काळजीपोटी बोलले हे खरं, पण ती धमकीच होती आणि ते दोघींनाही कळलं होतं. त्यानंतर ती पडवीतून भिंत धरून चालायला लागली. ते पाहून मला माझाच राग यायचा.

बोईसरच्या दुकानात मी तिला नेलं ते फक्त मान डोलवायला. तिथे लाद्या भिंतीवर उभ्या लावलेल्या, वरून दिवे सोडलेले, आणि माझी दुधी लादी सगळ्यांत उठून दिसत होती. आईने ती खाली ठेवायला लावली, चपला काढल्या आणि दुकानातल्या माणसाकडे पाणी मागितलं. तहान लागली असेल म्हणून त्याने थंड बाटली आणली. तिने ती लादीवर ओतली. मग पिशवीतून एक पुडी काढली. पुडीत आमच्या अंगणातली वाळू होती आणि विड्याची दोन पानं. वाळू भुरभुरली, पानं चुरडून टाकली, माझा खांदा धरला आणि ती अनवाणी त्यावर उभी राहिली. पाय सर्रकन गेला. खांदा धरलेला होता म्हणून निभावलं.

गिऱ्हाइकं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक काय म्हणतील, असं मी तिच्या कानाशी पुटपुटले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी भिंतीवर चालनार नाय, बाय," ती म्हणाली. "मना माज्या घरात राहायचा हाय."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. घर कसं दिसेल याची मला पडली होती, आणि घरात राहता येईल की नाही याची तिला.

दुकानातला माणूस मात्र रंगात आला. "माताजी, ये देखो," म्हणत एकेक लादी मांडत गेला, बाटल्या रिकाम्या करत गेला. सातव्या लादीवर आई थांबली. काळपट तपकिरी, खरबरीत, माझ्या मते गोठ्यात शोभेल अशी. आईने टाच घासून पाहिली, एक पाय उचलून पाहिला आणि माझा खांदा सोडला. लादी पास झाली. माजघरासाठी दुधीचाच हट्ट मी काही सोडला नाही. तिथे कुठे पाणी येतंय, असं म्हटलं. तुझं तू बघ, एवढंच आई म्हणाली.

काम झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी एडवणला गेले. आई पानं निवडत होती. पडवीभर पाणी, आणि ती त्यातून भिंतीला हात न लावता ये-जा करत होती. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तेवढ्यात आत माझा फोन वाजला. ओल्या पायांनी मी लगबगीने माजघरात गेले आणि माझ्याच लाडक्या लादीवर अशी आपटले, की फोन वाजून वाजून थांबला तरी मला उठता येईना.

घोटा मुरगळला होता. आठ दिवस पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन न्यायला आला. आईने त्याच्या हातात चहा दिला आणि माझ्या पायाखाली उशी सरकवली.

"पडल्यावर घर सोडायचा, ह्यो हिचाच कायदा हाय, जावयबापू," ती म्हणाली. "आता ही सरावलीला नाय येनार."

आठ दिवस मी पडवीत पाटावर पाय ठेवून पानं निवडली. निम्मी तिने नापास केली. उरलेल्या सहा तपकिरी लाद्या मी माजघराच्या दाराशी, आतल्या बाजूला बसवून घेतल्या. घर आता ऐसपैस वगैरे दिसत नाही. सरावलीचं नाव मी पुन्हा काढलेलं नाही.