जळगावची हवा सुधारली आणि आमच्या बिबड्या काळ्या झाल्या

मागच्या रविवारी धरणगावजवळच्या आमच्या गावात, भर उन्हात गच्चीवर उभी राहून मी नणंदेशी कडाकडा भांडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी आवाज चढवला नव्हता... त्या दिवशी चढला.

कारण? बिबड्या! आमच्याकडचे ज्वारीचे पापड हो. शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापायचं आणि उन्हात वाळवायचं. माझ्या सासूबाईंचा हात त्यात असा बसलेला की अख्खी गल्ली "अक्का, जरा येता का" म्हणत बोलवायला येते.

दरवर्षीसारखा यंदाही पहिला डबा जळगावला ताईंकडे गेला. ताई म्हणजे माझी नणंद, सासूबाईंची लेक. दोन दिवसांनी फोन... "वहिनी, बिबड्यांत काळं काळं काय आहे हो? आधी मला वाटलं तीळ. आईला आता दिसत नाही, निदान तुम्ही तरी लक्ष द्यायचं!" फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

त्या उठल्या. उरलेलं पीठ उचललं आणि गाईपुढे ठेवलं. "मन्हा डोया गयात आते," म्हणाल्या... माझे डोळे गेले आता, पुरे झाल्या बिबड्या. अहो, ही बाई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते! मला रडूच आलं. आणि डोकं असं सणकलं म्हणून सांगू...

मला संशय वेगळाच होता. हिवाळ्यात आमच्या नाल्यापलीकडे पत्र्याची शेड उभी राहिली. सुरुवातीला म्हणाले गोडाऊन आहे, मग एक दिवस धूर निघायला लागला. ग्रामपंचायतीत विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून रविवारी ताई आल्या तशी त्यांना चहासुद्धा न देता गच्चीवर नेलं. म्हटलं, आईंच्या हाताला नावं ठेवता ना, मग बसा इथे. त्यांच्यासमोर पांढरंशुभ्र फडकं अंथरलं, स्वतः एक बिबडी थापली. वाकडीतिकडी झाली, होऊ दे! त्यांचं-माझं भांडण चालूच होतं, तेवढ्यात वारा नाल्याकडून फिरला... आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या ओल्या बिबडीवर काजळीचे कण येऊन चिकटायला लागले.

मला वाटलं, आता ताई माफी मागतील. पण त्यांचं बिबडीकडे लक्षच नव्हतं. नाकाला पदर लावून त्या शेडकडे टक लावून बघत होत्या. "वहिनी, हा वास तर आमच्या कॉलनीतला..." म्हणत तशाच कठड्याशी गेल्या.

ताईंच्या कॉलनीमागे जुनं प्लास्टिक वितळवायच्या भट्ट्या होत्या. त्यांच्या धाकटीचा खोकला थांबतच नव्हता. कॉलनीने तक्रारी केल्या, वस्तीत भट्टी चालत नाही हा नियम दाखवला, साहेब लोक आले, सील ठोकलं. पोरगी बरी झाली. त्याचा मला आनंदच आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या भट्ट्या काय हवेत विरून गेल्या? शेडसमोर उभा असलेला टेम्पोसुद्धा ताईंनी ओळखला. तोच मालक, तोच धूर... फक्त पत्ता नवा, आमचा!

ताईंनी तिथूनच त्या सील ठोकणाऱ्या साहेबांना फोन लावला. साहेब काय म्हणाले माहितीये? "मॅडम, तुमच्या कॉलनीचा प्रॉब्लेम तर सुटला ना?"

कमाल आहे बाई! म्हणजे नियम शहरातल्या फुफ्फुसांसाठी, आणि आमची काय लोखंडाची आहेत? तिकडे हवा सुधारली म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि इकडे म्हातारीने स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसायचं! कोणी दिला हो हा हक्क?

ताई खाली येऊन आईच्या पायाशी बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आई, तुझा काही दोष नाही गं. मी आहे ना, इथूनही त्यांना हलवायला लावते."

सासूबाईंनी लेकीकडे शांतपणे बघितलं. "मंग आते कोनता गावले धाडशी?"

म्हणजे, आता कोणत्या गावाला धाडशील त्यांना?

अर्ज मग आम्ही केलाच. पण त्यात शेड हलवा असं कुठेही लिहिलं नाही. धूर जिथे निघतो तिथेच थांबवा, एवढंच लिहिलं. तसा थांबवलात तर भट्टी आमच्या नाल्यापलीकडे राहू द्या, किंवा परत जळगावच्या त्या कॉलनीमागे गेली तरी आमची हरकत नाही, असंही लिहिलं. हे शेवटचं वाक्य ताईंनी दोनदा वाचलं... पण पहिली सही त्यांचीच आहे.