यंत्रातला वाडा: आष्टी ते शहागड

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी जपा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "डोळ्यात उजेड हाय तवर एकदा नाळ पुरलेली जागा बघतो. मंग काय व्हायचं ते होऊ दे." मी तिथल्या तिथं ठरवलं. घरच्यांनी 'उन्हाळ्यात बघू, सुट्टीत बघू' सुरू केलं, तेव्हा मी सरळ बॅग भरायला घेतली.

आता ही जागा काय भानगड आहे ते सांगते. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आमच्याकडं वाडा म्हणजे चौकाचं घर नव्हे. मेंढरं, पालं, चूल, कुत्री असा सगळा मुक्काम म्हणजे वाडा. आज इथं, चार दिवसांनी पुढच्या शिवारात. आप्पांचा जन्म असाच वाड्यावरचा, शहागडजवळ, गोदावरीच्या काठी. नाळ तिथंच पुरली आणि वाडा पुढं गेला. (शाळेत मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, "आमचे आप्पा वाड्यात जन्मले." पुण्यात त्याचा जो अर्थ होतो तो मी खुशाल होऊ दिला!) पुढं आप्पा शिकले, पोस्टात लागले, मेंढरं सुटली. ती जागा माहीत होती फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीला, त्यांच्या आक्काला, म्हणजे आमच्या आत्याला. आम्ही निघालो त्याच्या आदल्या हिवाळ्यात आत्याला तिच्या मुलानं, बबननं, तिकडं नेलं आणि जागेची नोंद त्याच्या हातातल्या जीपीएसमध्ये करून ठेवली. उन्हाळ्यात आत्या गेली. बबन रस्त्याच्या मोजणीच्या कामावर छत्तीसगडला. म्हणजे आता ती जागा ठाऊक असलेलं एकच, आष्टीत बबनच्या कपाटात पडलेलं ते यंत्र.

पुण्याहून रात्रीची बस धरली की सकाळी जालन्यात उतरता येतं. नवीन जालन्यात स्टेशनसमोर चहा घ्या, पोहे बरे मिळतात. तिथूनच चांगले सेल भरपूर घेऊन ठेवा. पुढं गावात मिळतील ते रेडिओत चालतील, जीपीएसमध्ये दुपारपर्यंत दम तोडतील. मी अल्कलाइनची दोन पाकिटं घेतली. पुढं परतूरमार्गे एसटीनं आष्टी. खिडकीतून दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि बसमध्ये आमच्या पायाशी कोणाच्या तरी दोन कोंबड्या. आप्पा खूश होते. वाटेतल्या पाट्या वाचता येईनात, तर मला वाचायला लावून वर "बराबर" म्हणून शिक्का मारत होते.

आष्टीत बबनच्या बायकोनं, गोदानं, यंत्र पुढ्यात ठेवलं. "हे बघा त्यांचं डबडं. मी तर हातच लावला न्हाई, उगं माझ्यावर नाव नको." झाकण उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. बबनरावांनी सेल आत ठेवून कपाट लावलं होतं! सेल फुटून आत पांढरी बुरशी चढलेली, स्प्रिंग गंजलेली. वाचकहो, यंत्र ठेवून देताना सेल काढून ठेवा, काढून ठेवा, काढून ठेवा. आप्पा ओट्यावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना तोंड कितपत दिसत होतं देव जाणे, पण मी गप्प झाल्याचं ऐकू आलं असणार. "गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

"जातंय कुठं!" मी म्हणाले. गोदाकडून लिंबू घेतलं. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून लिंबाचा रस लावत बुरशी काढली, कोरड्या फडक्यानं पुसलं, स्प्रिंग ब्लेडनं हलकी खरवडली, मग तासभर उन्हात वाळवलं. कडेचं रबर सुटलं होतं, तिथून पाणी शिरलं असतं, म्हणून सायकलच्या दुकानातून सोल्युशन आणून चिकटवलं. त्याच दुकानातून जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली आणि गळ्यात अडकवायला दोरी केली. बाजारातल्या दोरीपेक्षा ती भारी, घामानं घसरत नाही. नवे सेल घातले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं, आणि पडदा उजळला. गोदा ओरडलीच, "अगं माय, जित्तं हाय की!"

कित्येक महिने बंद असलेलं यंत्र लगेच जागा सांगत नाही. आधी त्याला उपग्रह शोधू द्यावे लागतात. घरात, पत्र्याखाली, झाडाखाली धरून बसू नका. मोकळ्या आभाळाखाली, एका जागी, न हलवता ठेवा. मी ते अंगणात उलट्या पाटीवर ठेवलं आणि कोंबड्या हाकत बसले. शेवटी ते जागेवर आलं. साठवलेले बिंदू उघडले तर बबनच्या कामाची ही रांग! पूल, मोरी, वळण, सगळी नावं इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यंत्राला दुसरी अक्षरं येतच नाहीत. शहागडकडचे बिंदू दोनच निघाले. एक, एन ए एल: नळ. मोजणीवाल्या माणसानं पाण्याची सोय टिपली असणार. दुसरा, डब्ल्यू ए डी ए: वाडा. आप्पांचा जन्म वाड्यावरचा. अजून काय पाहिजे? मी आप्पांच्या हातावर टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईंची जीप ठरवली. भाडं आधी ठरवा आणि परतीचं धरून ठरवा. कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी असा रस्ता. काही ठिकाणी डांबर, काही ठिकाणी डांबराची नुसती आठवण. गोदानं भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती, ती तीर्थपुरीच्या पुढं बाभळीखाली खाल्ली. जीपमध्ये यंत्र मांडीवर ठेवू नका, वर पत्रा असतो. पुढच्या काचेपाशी ठेवलं की बरं चालतं. सलीमभाईंनी त्याला आधी तिरक्या नजरेनं पाहिलं. मग वळण यायच्या आत यंत्रानं वळण दाखवलं तेव्हा म्हणाले, "ताई, हे तर माझ्या पोटावर पाय द्यून राह्यलं!"

शहागडच्या अलीकडं बाणानं आम्हाला हायवेवरून आत घेतलं. गाडीवाट संपली तिथून पायी. कापूस वेचून झालेलं एक रान, बांधाला निंब. यंत्र म्हणालं, पोचलात. समोर चुलीचे तीन दगड, काळे झालेले, आणि सगळीकडं वाळलेल्या लेंड्या. आप्पांनी चपला काढल्या. चाचपडत खाली बसले, दगडांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. मी आप्पांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. माझाही बांध फुटला. सलीमभाई तोंड फिरवून उभे राहिले.

पण रडता रडताच मला काहीतरी खटकत होतं. इतक्या वर्षांपूर्वीची चूल आणि बोटाला काजळी लागते? आणि नदी कुठाय? आत्या तर जन्मभर सांगायची, "आप्पा झाला तव्हा माय पालात व्हती अन् गोदामाय हाकेवर व्हती." पलीकडच्या रानात एक बाई कापूस वेचत होत्या, त्यांच्याकडं गेले.

"मावशी, इथं मेंढरं कधी बसायची?"

"मागल्या हिवाळ्यात बी बसवली व्हती अन् यंदा बी, आत्ता आठ दिस झाले. खतासाठी. मंग वाडा उठला अन् गेला तिकडं वर," त्यांनी हातानंच लांब दाखवलं.

झालं! मी सलीमभाईंना जीपपाशी नेऊन सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ताई, जाऊ द्या. म्हाताऱ्या माणसाचं समाधान झालं. त्यांना कुठं कळून राह्यलं?" माणूस चांगल्या मनानं बोलला. पण माझा पाराच चढला. दिसत नाही म्हणून बापाला कुठल्याही दगडापुढं बसवून परत न्यायचं? मग पुण्याहून आले कशाला मी? आमच्या सोसायटीमागं दगड काय कमी आहेत! "सलीमभाई," मी म्हणाले, "रात्र झाली तरी चालेल. खरी जागा दिसल्याशिवाय ही जीप वळणार नाही." त्यांनी चावी खिशात टाकली आणि हसत म्हणाले, "मंग फोन लावा जल्दी."

मोबाईलला रेंज नव्हती. जीपच्या टपावर चढले तेव्हा एक काडी आली. तिसऱ्या खेपेला बबन लागला. मी त्याला सेलवरून आधी झापलं, मग विचारलं.

"ताई, तुम्ही वाड्यावर काहून गेल्ता?" तिकडून बबन ओरडत होता. "वाडा म्हंजी पाहुण्यांचा वाडा व्हता! त्या दिशी मायीनं तिथं भाकर खाल्ली, म्हनली, हे बी यंत्रात घाल. मामाची जागा नाळ! नाळ लिव्हलंय ना मी!"

"कुठं लिहिलंयस नाळ? नळ लिहिलंयस तू!"

"अहो ताई, एन, ए, एल. नाळ!"

मी टपावरच मटकन बसले. मग हसू फुटलं ते आवरेना. खाली उतरून आप्पांपाशी गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं, आता चिडणार. मग म्हणाले, "म्हंजी मी दुसऱ्याच्या चुलीच्या पाया पडलो व्हय?" आणि असे हसले की सलीमभाईंनाही ठसका लागला. तरी उठताना त्यांनी त्या दगडांना पुन्हा हात लावला. "आक्का जेवली हितं," म्हणाले.

आता बाण एन ए एलवर लावला. खड्ड्यांतून जीप अशी उडाली की यंत्र फटकन बंद. चालू केलं, पुन्हा बंद. खरवडलेली स्प्रिंग मऊ पडली होती, सेल आत खुळखुळत होते. नदी समोर दिसत होती, ऊन उतरत होतं आणि हे बेणं मान टाकून बसलेलं. मी म्हटलं, बघतेच आता. सलीमभाईंच्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी घेतली, तिची घट्ट घडी करून स्प्रिंग आणि सेलच्या मध्ये दाबली. सुरू झालं आणि पुन्हा एकदाही बंद पडलं नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत चांदीची घडी कायम असते, तुम्हीही ठेवा.

जीप काठाच्या अलीकडं थांबली. यंत्रात एक सोय असते, ठरलेल्या जागेजवळ गेलं की ते पिकपिक वाजतं. ती मी लावली आणि यंत्र आप्पांच्या गळ्यात घातलं. बाण त्यांना दिसत नव्हताच. तो मी बघणार होते. पण पोचल्याचं त्यांना त्यांच्या कानांनी कळायला हवं होतं. आप्पा थांबले की बाण भलतीकडंच फिरायचा. या साध्या यंत्रांना उभ्या माणसाची दिशा समजत नाही, चार पावलं टाकली तरच समजते. "आप्पा, थांबू नका, चालत राहा," मी म्हणत होते. "अगं, मेंढरामागं जल्मलोय मी, मला चालायचं शिकवती व्हय!" काठी टेकत ते पुढं आणि त्यांच्या खांद्याशी वाकून यंत्रात बघत मी.

बाभळीच्या पलीकडं नदीचा आवाज ऐकू यायला लागला. आणि यंत्र वाजलं.

तिथं काहीही नव्हतं. गवत, थोडी रेताड माती, एक घळ. आप्पा उभे राहिले. "नक्की कुठं?"

खोटं बोलायचं नव्हतं. "आप्पा, यंत्राला नेमकं ठिपक्यावर बोट ठेवता येत नाही. थोडं इकडंतिकडं होतं. या एवढ्या घेरात कुठंतरी." मी पावलांनी घेर काढून दाखवला.

"एवढ्या घेरात?"

"एवढ्या घेरात."

"मंग सगळ्याच घेराच्या पाया पडतो." आणि माझा हात धरून त्यांनी त्या गवताला प्रदक्षिणा घातली. एकदा, मग पुन्हा एकदा. यंत्र त्यांच्या छातीवर पिकपिक करत होतं. मग मधोमध बसले, नदीकडं तोंड करून, ऊन पाण्यावरून जाईपर्यंत. काय दिसलं त्यांना, किती दिसलं, मी विचारलं नाही. उठताना म्हणाले, "बिलकुल हीच. आक्का खोटं सांगनार न्हाई." मी बिंदूचं नाव बदललं, दोन ए घातले. नावं अशी ठेवा की ती दुसऱ्या माणसाला एकाच तऱ्हेनं वाचता येतील.

परतीला शहागडच्या हायवेवर ट्रकवाल्यांच्या ढाब्यात जेवलो. शेवभाजी जहाल, पण तिथवर जाऊन खाल्लीच पाहिजे. सलीमभाईंनी ढाबेवाल्याला माझ्याकडून जेवणाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

याला आता वर्ष होत आलं. आप्पांना उजेड-अंधार एवढंच कळतं. बबननं यंत्र परत मागितलं नाही. मी नियमाप्रमाणं त्यातले सेल काढायला गेले, तर आप्पा खेकसले, "ऱ्हाऊ दे आत!" मग मीच आठवण ठेवून सेल बदलत असते. रोज संध्याकाळी ते गॅलरीत बसून चाचपडत बटण दाबतात, उपग्रह लागेपर्यंत थांबतात आणि मला हाक मारतात.

"बघ गं, किती लांब हाय?"

मी आकडा वाचते.

"काल तेवढंच व्हतं ना?"

"तेवढंच होतं, आप्पा."

"हललं न्हाई?"

"नाही हललं."

"बराबर," म्हणतात, आणि बटण दाबून बंद करतात.