गारव्याची खोली

कूलरमध्ये नवं गवत भरून त्यावर पहिलं पाणी सोडलं, की जो गंध घरभर पसरतो तो अत्तराच्या कोणत्याही कुपीत मिळायचा नाही. ओला, मातकट, किंचित औषधी. बाजारातून आणलेली वाळ्याची जुडी मी त्या गवतात मुद्दाम खोचून ठेवते. आमचे हे दरवर्षी हसतात, म्हणतात, कूलरला गजरा माळतेस की काय! हसू देत बापडे. धुळ्याच्या उन्हात ज्याने चाळीस उन्हाळे काढले आहेत, त्याला हा गंध नाकात शिरताच जीव निवाला म्हणजे काय, ते शब्दकोश न उघडता कळतं.

आमच्याकडचं ऊन हे काही कवितेतलं कोवळं ऊन नव्हे. होळी पेटून विझली की ते जे अंगणात ठाण मांडतं, ते मृगापर्यंत हलत नाही. दुपारी देवपुरातले रस्ते ओस पडतात, पांझरेच्या पात्रातले दगड तापून पांढरे होतात, आणि गच्चीवर घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, एका प्रहरात खडखडीत वाळतात. अशा दिवसांत मध्यमवर्गीय घरात एक कूलर असतो आणि त्याची एक खोली असते. ती खोली कोणाला द्यायची, यावरून त्या घराच्या मायेचं माप घ्यावं! पूर्वी ती बाळंतिणीला मिळे, आजाऱ्याला मिळे. हल्ली ती बारावीच्या मुलाला मिळते. बाकीचं घर गच्चीवर अंथरुणं टाकतं, दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतं, पण परीक्षेचं लेकरू गारव्यात राहतं. खिडकीला पुठ्ठा, दाराच्या फटीला गोणपाट, आणि बाहेरच्यांना एकच ताकीद : आवाज करू नका, अभ्यास चाललाय.

गेल्या उन्हाळ्यात आमची ती खोली मोनालीची होती. मोनाली माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तो शिंदखेड्याकडे शेती करतो, आणि मुलीला डॉक्टर करायचं हे त्याने तिच्या बारशालाच बहुधा ठरवलं असावं. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास धुळ्यात, म्हणून पोर त्याच्या आदल्या उन्हाळ्यापासूनच माझ्याकडे. आली तेव्हा कशी होती सांगू? जिना चढताना गाणं, उतरताना गाणं, आणि बिबड्यांसाठी मी ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवला की पातेल्यापाशी वाटी घेऊन पहिली हजर. त्या गरम घाट्यावर तेलाची धार सोडून ती असा काही घास घेई, की पाहणाऱ्यालाही भूक लागावी. अशी ही मुलगी हळूहळू त्या गार खोलीत विरघळत गेली, आणि आम्ही सारे दाराबाहेर चवड्यांवर चालत राहिलो.

मी शाळेत मराठी शिकवते. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हे माझं रोजचं वाचन आहे, असं मी थोड्या तोऱ्याने म्हणत असे. त्या वाचनात अलीकडे काय काय दिसतं! पहिल्याच तासाला डोळे मिटणारी मुलं. रात्र कुठे गेली असं विचारलं तर मोबाइलकडे पाहणारी. वाकलेल्या माना, जाड होत चाललेले चष्मे. डब्यात आईने पहाटे उठून केलेली कळण्याची भाकरी तशीच, आणि दप्तरात कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं. चक्कर येऊन प्रार्थनेला कोसळणाऱ्या मुली, ज्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या तर आत कागदासारखं पांढरं. कोणी जाडी आहे म्हणून जेवत नाही, कोणी काळी आहे म्हणून फोटोत येत नाही. आणि वर आम्ही मोठे म्हणायला मोकळे, की आमच्या वेळी नव्हती बाई ही असली थेरं! अहो, आमच्या वेळी आमचा नंबर फक्त वर्गाला कळत असे. आज दर रविवारी चाचणीचा निकाल आईबापांच्या ग्रुपवर उतरत्या क्रमाने येतो आणि मामा, काका, शेजारी यांच्या हाती पोचतो. इतक्या डोळ्यांचं ओझं वाहायला त्या कोवळ्या खांद्यांनी काय खावं?

तर मोनाली. प्रथम तिचं गाणं थांबलं. मग ताट खोलीत मागवणं सुरू झालं, आणि मी, अन्नपूर्णेच्या थाटात, ते दारात ठेवू लागले. मग ताट अर्धं परत येऊ लागलं. एका सकाळी गच्चीवर बिबडे घातले आणि घाट्याची वाटी घेऊन मी दार वाजवलं, तेव्हा आतून आवाज आला, "नको आत्या, मळमळतंय." उन्हाचं असेल, असं मी मनाशी म्हटलं. उन्हात पाऊल न ठेवणाऱ्या मुलीला ऊन कसं बाधेल, हा साधा प्रश्न पडू नये? प्रेमाने माणूस आंधळं होतं म्हणतात. आमचं घर तर कूलरमुळे बहिरंही झालं होतं.

आणि मग एका दुपारी वीज गेली. आमच्याकडे वीज जाणं ही काही बातमी नाही. सकाळची शाळा आटोपून मी ओट्याशी उभी होते. कूलरची घरघर मंदावली, पाण्याची शेवटची टपटप झाली, आणि घरात अशी काही शांतता पसरली, की भिंतीवरच्या घड्याळाला कंठ फुटला. त्या शांततेत बंद दाराआडून रडणं ऐकू आलं. हुंदके नव्हेत, मोठ्याने फोडलेला टाहोही नव्हे. रोजच्या सवयीचं, थकलेलं, एकसुरी रडणं. त्या आवाजात आश्चर्य नव्हतं. म्हणजे ही रोज रडत होती! आम्ही दिलेल्या गारव्याच्या घरघरीआड, आमच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर, रोज.

मी दार वाजवलं नाही, सरळ ढकललं. जमिनीवर पुस्तकांच्या मध्ये ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "लाइट आली की थांबेन मी, आत्या." मी म्हटलं, थांबू नकोस. मग शब्द आले, आधी थेंब आणि मग लोट. झोप येत नाही. वाचलेलं राहत नाही. महिनोन्‌महिने पाळी नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी छाती धडधडते. पप्पांनी माझ्यासाठी एवढं केलं आणि मी ही अशी. शेवटी अगदी हलक्या आवाजात, "कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये."

असलं वाक्य ऐकलं की आपल्याकडे माणसं काय करतात? एक तर तोंडावर हात ठेवतात, नाहीतर रागावतात : असं अभद्र बोलू नये, तिन्हीसांजेला तर नाहीच. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण मी तिचा हात धरला आणि नीट विचारलं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का तुला? तसं ठरवलंयस का काही? विचारल्याने विचार येतो असं म्हणणाऱ्यांनी त्या क्षणी तिचा चेहरा पाहायला हवा होता. कोणीतरी विचारलं, एवढ्यानेच त्या चेहऱ्याची घडी सैल झाली. ती म्हणाली, "ठरवलं नाही. पण भीती वाटते गं मला माझीच." मी म्हटलं, मग आता आपण दोघी मिळून भिऊ, आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊ. त्या दिवसापासून आम्ही तिला घरात एकटं सोडलं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. रक्त कमी, आणि अंगात उन्हाचं जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. खानदेशात! जिथे पक्षी उन्हाने झाडावरून टपकतात, तिथे एका मुलीची हाडं उन्हासाठी उपाशी! हसावं की रडावं? गोळ्या लिहून देऊन बाई हळूच म्हणाल्या, "मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा, ताई. उशीर करू नका."

संध्याकाळी मी भावाला फोन केला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "अक्का, जळगावले लई जाय तिले. तठे आपले कोनी वळखत नही."

ही आमच्या मुलखाची खास रीत. दात दुखला तर माणूस गल्लीतल्या दवाखान्यात जाईल, पण मन दुखलं तर एसटी धरील. धुळ्याची माणसं जळगावला जातात, जळगावची धुळ्याला येतात. पारोळ्याच्या आसपास कुठेतरी त्यांच्या बसगाड्या एकमेकींना ओलांडत असतील, आणि दोन्हींतल्या खिडक्यांचे पडदे ओढलेले असतील. आजार तोच, औषध तेच, फक्त लाज लपवायला एवढ्या मैलांचं भाडं! भाऊ पुढे म्हणाला, "लोके काय म्हनतीन? उद्या तिनी सोयरीक कशी व्हई?" आईची बोली माझ्याही तोंडी आपोआप आली. मी म्हटलं, "पोर जगनी ते सोयरीक. चूप बस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तोंडाला ओढणी न बांधता, आमच्याच गावातल्या, बाजारपेठेतल्या, दर्शनी पाटी असलेल्या दवाखान्यात मी मोनालीला घेऊन गेले. खालच्या कापडदुकानातल्या शेठाणी मला चांगल्या ओळखतात. त्यांनी मान वर करून पाहिलं. मी हात हलवला. वर जाताना मोनालीचा हात घामाने निसटत होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. प्रतीक्षेच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. पायाशी प्रवासाची पिशवी. मी विचारलं, कुठून आलात? ती पुटपुटली, जळगावहून. मग माझ्याकडे नीट पाहत तिने विचारलं, "तुम्ही?" मी म्हटलं, इथल्याच, दोन गल्ल्या पलीकडच्या. तिला ते काही केल्या पटेना! पण थोड्या वेळाने तिने भिंतीकडचं तोंड वळवलं, पिशवीतून केळी काढली आणि दोन्ही मुलींच्या हातांत एकेक दिलं. मोनालीने ते पूर्ण खाल्लं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी काही जादू केली नाही. थोडं औषध, दर आठवड्याचं बोलणं, आणि घरासाठी काही नियम. ते नियम मी घरात पोलिसी खाक्याने राबवले. फोन हॉलमध्ये झोपेल. जेवण सगळ्यांच्या पंगतीत. सकाळचं ऊन गच्चीवर, बिबड्यांच्या शेजारी. मी तिला म्हणे, वाळायला नको, नुसती शेकून ये. ग्रुपवरचा निकाल घरात कोणी मोठ्याने वाचायचा नाही. आणि दार उघडं. ते सरळ रेषेत बरं झालं असं समजू नका. काही दिवस चांगले जात, आणि मग एखाद्या सकाळी पोर उशीतून मान वर करीत नसे. अशा सकाळी मी तिला उपदेश केला नाही. केस विंचरून दिले. चिवटपणा हा काही फक्त मुलांनी शिकायचा गुण नाही.

आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि त्या दिवसांत त्यांना कोणी काम सांगत नाही. परीक्षा तोंडावर होती. क्लासवाले सुटी द्यायला तयार नव्हते. सकाळीच भाऊ दारात उभा राहिला, पायांवर बसस्टँडची धूळ. मोनालीकडे न बघता, मलाच उद्देशून म्हणाला, "डाक्टर व्हयनी ते व्हयनी, नही व्हयनी ते नही. आखाजीले मन्ही पोर मन्हा घर पाहिजे." एवढं बोलून त्या दणकट माणसाने उपरण्यात तोंड खुपसलं. मोनाली उठली आणि त्याच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. मी आत जाऊन दोघींच्या पिशव्या भरल्या. मीही त्या घरची लेकच ना! त्या दुपारी निंबाखाली तिने झोका असा चढवला, की खाली उभा असलेला भाऊ घाबरून ओरडू लागला आणि मी टाळ्या वाजवत होते.

परीक्षा तिने दिली. मेडिकलच्या यादीत तिचं नाव आलं नाही. निकालाच्या दिवशी आम्ही सारे तिच्याभोवती उगाच घुटमळत होतो, तीच म्हणाली, "मी ठीक आहे. वाईट वाटतंय, पण ठीक आहे." वाईट वाटणं आणि बुडणं यांतला फरक तिला कळला होता. हा फरक कोणत्या अभ्यासक्रमात असतो? आज ती इथल्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकते, गोळ्या बंद झाल्या आहेत, महिन्यातून एकदा डॉक्टरांना भेटते, आणि शेठाणींना जाता-येता हात करते.

यंदाही होळी झाली आणि काल मी कूलर काढला. नवं गवत, वाळ्याची जुडी, पहिलं पाणी. मात्र जागा बदलली आहे. आता तो मधल्या घराच्या खिडकीत असतो आणि त्याच्या वाऱ्यात आम्ही तिघं ओळीने पडतो. गारवा थोडा कमी लागतो, पण लागतो सगळ्यांना. दुपारी घरघर सुरू होती, तो ओला गंध दरवळत होता, माझा नुकताच डोळा लागत होता, तोच मोनालीने माझ्या दंडाला हात लावला.

"आत्या, कूलर बंद करू का थोडा वेळ? मला काहीतरी सांगायचंय."

मीच उठून बटण दाबलं. पातं फिरत फिरत थांबलं, आणि बाहेरचं ऊन एका झुळकेसरशी आत आलं. आम्ही दोघी घामाने निथळू लागलो. मी पदराने तिचं कपाळ पुसलं, तिच्यासमोर मांडी घालून बसले, आणि म्हटलं, "बोल."