नानांचं जादा कातडं

आमच्या चुलत्यांच्या कातड्यावर मी एकदा पत्रक काढलं होतं, आणि आजवरच्या माझ्या पत्रकांत परिणाम झालेलं तेवढं एकच.

त्याआधी मी रेशनच्या ज्वारीतल्या खड्यांवर पत्रक काढलं. काळ्या बाजारावर काढलं. गावच्या ओढ्यावर पूल नाही म्हणून इतक्या जळजळीत भाषेत काढलं की वाचून ओढाच आटावा. लोकांनी ती आदरानं घेतली, डोळ्यांना लावली (छापलेला कागद म्हणून) आणि तंबाखूच्या पुड्या बांधल्या. ओढ्यावर अजून पूल नाही.

तर नाना. आमचं गाव कृष्णाकाठचं, कुंडलपासून चालत जाण्यासारखं, आणि नाना म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद. तरुणपणी सातारा-सांगलीकडची एक जत्रा त्यांनी सोडली नव्हती. पुढं गुडघा दुखावला, व्यायाम सुटला. खुराक मात्र सुटला नाही. दुधाचा तांब्या, तुपातला शिरा, बदामाची थंडाई हे सगळं वेळच्या वेळी येत राहिलं आणि कुठं जावं ते न कळून नानांच्या अंगावरच मुक्काम करत राहिलं. सांगलीला गूळ घालायला गेलो होतो तेव्हा अडत्याच्या मोठ्या काट्यावर मी त्यांना गमतीनं बसवलं. दुसऱ्या पारड्यात चार ढेपी चढल्या तेव्हा कुठं नाना जमिनीवरून उचलले गेले.

अडत्या म्हणाला, "वस्ताद, लवकर उतरा. गिऱ्हाईक आलं तर भाव सांगून बसंन मी."

नाना हसले. तेव्हा त्यांना वजनाची फिकीर नव्हती. ती लावून दिली शिवानं.

शिवा वेशीबाहेरच्या वस्तीतला. जपानच्या लढाईत सरकारनं त्याला ब्रह्मदेशाच्या जंगलात नेलं, गोळ्यांसमोर उभं केलं, आणि काम झाल्यावर एक बिल्ला देऊन परत पाठवलं. पलटणीत तो कुस्त्या मारायचा. गावात आल्यावर तालमीच्या दारात, पायरीच्या अलीकडंच थांबून त्यानं विचारलं, "नाना, आत येऊ का?" म्हणजे बघा, सरकारच्या बंदुकीला हा माणूस चालतो आणि आमच्या तांबड्या मातीला चालत नाही! त्या मातीत आम्ही ताक ओततो, तेल ओततो, लिंबं पिळतो, हळद कालवतो. एका माणसाचे दोन पाय तेवढे तिला सोसवत नाहीत. (यावर मी ओळीनं दोन पत्रकं काढली. दोन्हींत उत्तम तंबाखू राहिला.)

नाना म्हणाले, "ये की. इचारतोस काय?"

दुसऱ्या दिवशी तालमीपुढं पंच बसले. मधोमध पाटील. पाटलांचं बोलणं नेहमी गोड असतं, त्यामुळं मी आधीपासूनच संतापून बसलो होतो.

"नाना, मातीवर कुणी उतरायचं ते वस्तादानं ठरवायचं, ही आपली रीत. मी न्हाई म्हनत न्हाई," पाटील म्हणाले. "पर वस्ताद कोन? जो सोता मातीत उतरतो त्यो. तुमी शेवटचं कवा उतरला?"

नानांनी दुखरा गुडघा चोळला.

"आसं करू. माझा मेव्हना भैरू, माणदेशातला, ठावं हाय तुमाला. चैताच्या यात्रंत त्याच्यासंगं कुस्ती धरा. जितला तर माती तुमची, कुनालाबी घ्या. हारला तर वस्तादकी सोडा."

भैरू तिशीतला. शेरडं-मेंढरं राखून, डोंगर तुडवून आणि पावसाची वाट बघून त्याचं अंग असं वाळलं होतं की चिमटा काढायला जागा नव्हती. आमचे नाना पंचेचाळिशीचे आणि चार ढेपींचे. मी "हा अन्याय आहे" म्हणायला उठलोच होतो, तेवढ्यात नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "धरतो."

मी उभाच होतो, म्हणून एक घोषणा दिली. साथ फक्त तालमीच्या भिंतीनं दिली.

रात्री काकीनं नानांच्या ताटात कोरडी भाकरी आणि बिनतेलाचं पिठलं वाढलं. नानांनी हात लावला नाही. मला वाटलं, तुपाची आठवण आली.

"वजन उतरंल," नाना भाकरीकडं बघत म्हणाले. "पर कातडं कुटं जाईल?"

"कंचं कातडं?" काकीनं विचारलं.

"हेच की. चार ढेपीला पुरंल एवढं हाय. आतला माल गेल्याव वरचं पोतं कुटं जातंय? पान्याची रिकामी पखाल खुटीला लोंबतीया बगितलीस का? तसा दिसनार मी. आनि भैरूला तर आयतंच हुईल. कुस्तीत धराय गावंल ते आपलं न्हाई, त्याचं. मूठभर कातडं गावलं की गाठुड्यागत उचलून आपटंल."

"आवं, आदी वजन तरी उतरू द्या."

"आदी कातड्याचं ठरू दे. मग भाकरी."

आणि खरंच, पहिले आठ दिवस त्यांनी वजन उतरवायला सुरुवातच केली नाही. कातड्याचा प्रश्न सुटेपर्यंत शिरा चालू. मी समजावलं, की स्वातंत्र्य आल्यावर संस्थानिकांचं काय करायचं हे न ठरवताच आम्ही चळवळीत पडलो की नाही? नाना म्हणाले, "म्हून तर आजून घोळ हाय."

शेवटी काकीनंच गाठ सोडली. शिऱ्याची वाटी त्यांच्या हातातून काढून घेत ती म्हणाली, "धरायचं-बिरायचं काय न्हाई. लाज वाटतीया तुमास्नी."

नानांनी सदऱ्याची गुंडी लावली. मग म्हणाले, "माजी छाती लोकांच्या डोळ्यांत हाय गं. म्हातारी मान्सं आजून तिची आठवन काढत्यात. तितं ही झोळी कशी दावू?"

"त्यो शिवा दारात हुबा हाय," काकी म्हणाली. "त्याला तुमी आत ये म्हनला. त्यानं तुमची छाती बगून इचारलं हुतं व्हय?"

नानांनी भाकरी पुढं ओढली. त्या दिवसापासून तूप बंद, गोड बंद. पहाटे कृष्णेच्या वाळूत पळणं, मग बैठका. गुडघा कुरकुरायचा, नाना त्याला शिव्या द्यायचे आणि पुढं पळायचे. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ निर्धार पाहिले (बहुतेक सभेच्या ठरावांत), पण उकडलेल्या मटकीकडं बघून "लय झालं" म्हणणारा पैलवान मी तो एकच पाहिला.

वजन उतरू लागलं आणि नानांना जी भीती होती ती दिसू लागली. दंडाखाली, पोटावर, कुशीला कातडं मोकळं झालं. आता अख्ख्या गावाला उपाय सुचायला लागले. एकानं तुरटी सांगितली. एकानं झोपताना पटका आवळून बांधायला सांगितला. काकीनं तो एवढा आवळला की नाना रात्रभर बसूनच राहिले. मला हे अडाणी उपाय बघवेनात. मी शास्त्रीय विचार केला. कातडी कमावणारे कातडं बाभळीच्या सालीत भिजवतात आणि ते घट्ट होतं. मेलेल्या कातड्याला जमतं ते जित्या कातड्याला का जमू नये?

मी पोतंभर साल आणली, गुळाच्या काहिलीत उकळली आणि नानांना त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवलं. नानांनी विचारलं, "नक्की का रं, सदा?" मी म्हणालो, "नाना, शंका हाच समाजाचा रोग आहे."

नाना बाहेर आले ते नव्या चपलेच्या रंगाचे.

कातडं होतं तेवढंच सैल; फक्त आता लांबूनही दिसत होतं. साबण झाला, राख झाली, दही झालं. रंग हलेना. काकीनं त्यांना पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाली, "आता तेवढं टाचंला खिळं मारायचं ऱ्हायलं."

नानांनी मला शब्दानं बोल लावला नाही. त्यामुळं मला फारच लागलं, आणि ही चूक भरून काढायची असं मी ठरवलं. पण माझ्या हातात काय? लेखणी. मी पत्रक लिहिलं. काय भाषा होती! "बंधूंनो, एक वस्ताद न्यायासाठी लढतो आहे. त्याच्या उजव्या कुशीला ओंजळभर सैल कातडं लोंबते आहे. तीच त्याच्या देहातील एकमेव कमजोर जागा. परंतु तिची तमा न बाळगता तो मैदानात उतरणार आहे." प्रचार व्यापक हवा म्हणून मी ते आमच्या पंचक्रोशीत वाटलं, आणि थेट दहिवडीच्या बाजारात जाऊन तिथंही वाटलं. दहिवडी म्हणजे माण. म्हणजे भैरूचं माण. हे मला परतीच्या वाटेवर सुचलं.

मी तसाच नदीवर गेलो. वाळूत नाना आणि शिवा बसले होते; एक पत्रक त्यांच्या हाती ठेवलं. (तालमीत दोघांना एकत्र जाता येत नव्हतं, म्हणून सराव नदीत चालायचा. कृष्णा कुणाला जात विचारत नाही. हेही मी छापलं आहे.) शिवा पलटणीत वाचायला शिकलेला. त्यानं पत्रक मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर त्यानं ते वाळूवर ठेवून वर दगड ठेवला.

"सदाभाऊ," शिवा म्हणाला, "पलटणीत आसा कागद शत्रूच्या हाती गेला तर लिवनाऱ्याला भिंतीपाशी हुबा करत्यात."

"उजवी कूस बी सांगितलीया," नाना म्हणाले. "नकाशा का न्हाई काडलास?"

मी म्हणालो, मी लोकांच्या मनात सहानुभूती...

"घरला जा. आनि आजपास्नं हिकडं फिरकायचं न्हाई. तू बगशील आनि छापशील."

तेव्हापासून यात्रेपर्यंत वाळूत काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही. नाना घरी यायचे तेव्हा त्यांची उजवी कूस काळीनिळी असायची, एवढंच दिसे. काकी हळद लावायची आणि माझ्याकडं बघायची.

यात्रा आली. पालखी देवळात गेली, हलगी कडाडली, फेटेच फेटे. सांगलीच्या अडत्यानं त्या आठवड्यात सांगितलं होतं की आता तीन ढेपींत भागतं. नाना मैदानात आले आणि त्यांनी अंगातला सदरा काढला.

हलगी चालू होती, पण माणसं एकमेकांकडं बघू लागली. ज्या छातीच्या गोष्टी म्हाताऱ्यांनी सांगितल्या होत्या ती खाली उतरली होती. पोटावर घड्या. आणि बाभळीचा रंग अजून गेला नव्हता. पाटलांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मला जमीन फाटावी असं झालं. नानांनी मात्र वाकून माती उचलली, कपाळाला लावली, आणि उरलेली त्या लोंबत्या कुशीवरच चोळली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. एवढं थोडक्यात बोललेला माणूस मी पाहिला नाही.

सलामी झाली. भैरूनं डाव टाकला नाही, पट काढला नाही, खडाखडीसुद्धा धड केली नाही. तो सरळ उजव्या कुशीला भिडला आणि दोन्ही मुठी भरून कातडं धरलं. मी डोळे मिटले. माझं पत्रक त्यानं शब्दाशब्दानं वाचलं होतं.

डोळे उघडले तेव्हा भैरूच्या मुठी होत्या तिथंच होत्या, कातडंही त्याच्याच हातात होतं; पण नाना तिथं नव्हते. कातडं एका बाजूला ताणलं गेलं आणि आतला माणूस दुसऱ्या बाजूला फिरला. सैल सदऱ्यात माणूस वळतो ना, तसे नाना आपल्याच कातड्यात वळले. वाळूत शिवा ती कूस रोज का धरत होता ते मला तेव्हा कळलं. भैरू दोन मुठी भरून बघत राहिला. तेवढ्यात त्याच्या मानेवर हात पडला, ढाकेचा डाव बसला आणि त्याची पाठ मातीला लागली.

लोकांना क्षणभर कळलंच नाही. मग फेटे उडाले. काकी बायकांतून म्हणाली, "आता सदरा घाला म्हनावं." 

नानांनी सदरा घातला नाही. तसेच, घड्यांसकट, पाटलांसमोर जाऊन म्हणाले, "माती माजी?"

पाटील गोड बोलायचं विसरले. म्हणाले, "तुमची."

नाना मागं फिरले. गर्दीच्या शेवटी, सगळ्यांपासून अंतर राखून, शिवा उभा होता. नानांनी मूठभर माती नेली आणि त्याच्या दोन्ही खांद्यांना लावली. "उद्या पाटं येताना ताक घिऊन ये," ते म्हणाले. "माती वाळलीया."

शिवा ताठ उभा राहिला आणि त्यानं पलटणीतला सलाम ठोकला. मी रडलो नाही. तांबडी माती डोळ्यांत जाते.

भैरू दिलदार माणूस. धूळ झटकत आला, नानांच्या पाया पडला आणि पटक्याच्या शेवातून एक कागद काढला. चार घड्या, एक सुरकुती नाही, तंबाखूचा डाग नाही.

"वस्ताद, ह्ये कुनी लिवलं?"

मी यात्रेला आलेल्या अडत्याच्या मागं सरकलो. नानांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. "ह्यो. माजा पुतन्या. ह्याची समदी पत्रकं वाचत जा, गड्या."

तेव्हापासून शिवा तालमीत आहे, त्याच्या वस्तीतली पोरं आहेत, नाना पुन्हा मातीत आहेत आणि कातडं जिथल्या तिथं लोंबतं आहे. मीही पत्रकं काढतोच. पण इतक्या वर्षांत माझं पत्रक नीट वाचून, जपून ठेवून, अक्षरशः त्याप्रमाणं वागणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याला आम्ही सगळ्या गावादेखत पाठीवर पाडला.