गोजरबाईचे गुण

गोजरबाईला माझ्या खोकल्याचासुद्धा संशय येतो. मी शाळेसमोर राहतो आणि ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सकाळी ती फाटक उघडत असताना मला ठसका लागला, की वळून विचारते, "नाना, खरा हाय का नाटकातला?" तरुणपणी मी कंपनीच्या नाटकांत खलनायक रंगवायचो. कट करणारे दिवाण, दुधात विष कालवणारे मामा. तंबू गेले, टाळ्या गेल्या, पण गोजरबाईच्या लेखी माझ्या तोंडाचा रंग अजून उतरलेला नाही.

बाई साठीची, एकटी. लेकी आपापल्या घरी सुखात. तांदळाचं पोतं आलं की आधी बाहेरून हुंगणार, मग कोपरापर्यंत हात घालून तळातला तांदूळ वर काढणार. तेलाचा थेंब तळहातावर चोळून नाकाशी धरणार. आणणारा म्हणाला, "बराबर हाय की मावशी," की तिचं उत्तर ठरलेलं, "कुणी बघितलं?" खिचडी शिजली की पहिलं ताट स्वतःचं. खाऊन झालं की पातेल्याशेजारी पोटावर हात ठेवून बसते, जणू आतून काही निरोप येणार आहे. पोरं ताटं वाजवतात, गुरुजी घड्याळ बघतात. बाई हलत नाही.

यंदा हे सगळं तिच्या अंगाशी आलं. मुख्याध्यापक देविदास गुरुजी माणूस सरळ, पण रोजच्या कटकटीला विटलेले. तेलाचा डबा परत गेला, भाजीवाला रुसला, आणि पाहणीला आलेल्या साहेबांना बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आधी हात धुवा." नव्या वर्षाला स्वयंपाकीण कोण, हे शाळेच्या समितीनं ठरवायचं होतं. रुपाचं नाव पुढं आलं. रुपा माझ्या शेजारची सून, हसतमुख, गोड बोलणारी.

गोजरबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. समोरच्या शाळेकडं बोट करून म्हणाली,

"नाना, चूल गेली तर दुपारी मी करू काय? एकटीपुरतं शिजवायला माझा हातच वळत न्हाई."

रंगभूमीवर मी रडण्याची पल्लेदार भाषणं पुष्कळ ऐकली. असं एक वाक्य क्वचितच.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. निवडीच्या आधी बचत गटाच्या बायांना चार शब्द सांगायला हिंगोलीहून एका संस्थेच्या प्रियदर्शनीताई आल्या होत्या. आभार मानायला मी, कारण मला माईक लागत नाही. ताई तरुण, उत्साही. वही-पेन सरसावून म्हणाल्या, "आज प्रत्येकीनं आपापले गुण सांगायचे. कामात, घरात ते कसे दिसतात, तेही."

बायांचे पदर तोंडाशी गेले.

ताईंना काय ठाऊक! आमच्याकडं सासू सुनेला दटावते ती याच शब्दानं, "सांगू का तुझे गुण चारचौघांत?" नळावर भांडण पेटलं की, "हिचे गुण साऱ्या गावाला ठावं हायत!" गुण सांगायचे म्हणजे लक्तरं काढायची. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कुणी काय सांगितलं असेल हिंगोलीपर्यंत?

गोजरबाई माझ्या कानाशी वाकली. "नाना, ही चौकशी हाय. गोड बोलून आपल्याच तोंडून काढून घेऊन राहिली."

"अहो, चांगले गुण विचारतायत त्या."

"चांगले असते तर इचारायला हिंगोलीवरून माणूस काहून धाडला असता?"

मी गुरुजींकडं पाहिलं. ते गालात हसत होते. असं हसून मी रंगमंचावर कितीतरी भोळ्या माणसांना सापळ्यात अडकवलं होतं. खरं सांगतो, मलाही शंका आली.

तांड्यावरची मिराबाई पहिली उठली. तिची नातवंडं याच शाळेत आहेत आणि ती समितीतही आहे. "माझे गुण माझ्या सासूला इचारा. ती नरसीला दर्शनाला गेलीय. आली की सांगल दिवसभर!"

हशा पिकला. ताई गोंधळल्या, मग समजावू लागल्या, "तसं नाही हो. चांगलंच सांगा. मी मेहनती आहे, मी शांत आहे, असं."

मग रुपा उठली. लाजत म्हणाली, "मी कुणालाच न्हाई म्हणत न्हाई. कुणाचं मन मोडवत न्हाई मला."

टाळ्या पडल्या. गुरुजींची सगळ्यांत मोठी.

गोजरबाईची पाळी आली. ती पदर खोचत उभी राहिली. "मी सांगितलं तर तुमी लिहून घ्याल."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "नाही लिहीत. कुणाला दाखवणारही नाही."

"कुणी बघितलं?" बाई म्हणाली, आणि पुन्हा हशा. ती मात्र हसली नाही. "ऐका मंग. मी इश्वास ठेवत न्हाई. तेलावर न्हाई, पोत्यावर न्हाई, गुरुजीवर न्हाई. माझ्या सोताच्या हातावर बी न्हाई, म्हणून आधी मीच खाते. हे माझे गुण. काढायचं तर काढा."

ती खाली बसली आणि पिशवी कवटाळून घेतली, निघायची तयारी केल्यासारखी.

मला आमच्या कंपनीतला, पडदे-दोर सांभाळणारा संतराम आठवला. मायावी राक्षस म्हणून मी वरून दोराला लटकत उतरायचो. दोराची गाठ मी स्वतः त्याच्यासमोर मारली, तरी तो ती सोडून पुन्हा मारायचा. मी चिडायचो, तो दोर ओढून बघायचा. टाळ्या मला पडायच्या. आज माझे हातपाय धड आहेत ते त्या संशयी माणसामुळं.

"बघा ताई," गुरुजी उठले, "हेच मी..."

"थांबा गुरुजी," मिराबाई म्हणाली. "रुपा, एक सांग. डबा उघडला अन् तेलाला वास आला. आणणारा म्हणला, ताई, एवढ्या बारी घ्या, चालून जाईल. तू काय करशील?"

रुपा पदराचं टोक पिळू लागली. पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. "घेईन मी. त्याला तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?" मग स्वतःच दचकली. "न्हाई बाई, मला न्हाई जमायचं हे काम. माझं लेकरू बी हितंच जेवतं."

"तू माझ्या नातीच्या लग्नात वाढायला ये," मिराबाई म्हणाली. "खिचडीला ही खवीसच बरी!"

"व्हय व्हय," मागून बायांचा गलका झाला. समितीतल्या आयांनी हात वर केले. गुरुजींनी सगळीकडं नजर फिरवली आणि सुस्कारा सोडला. "ठीक आहे. राहू द्या गोजरबाईंना. पण साहेबांना हात धुवायला मी सांगीन, तुम्ही नाही."

सोमवारी भर दुपारी बाई वाटीत खिचडी घेऊन माझ्या ओट्यावर हजर.

"नाना, खरं सांगा. त्या मिराबाईला तुमीच पढवलं होतं ना?"

"शपथ घेतो, नाही."

"मंग काहून बोलली ती माझ्याकडून? काय पायजेल तिला?"

"तिची नातवंडं तुमच्या हातचं जेवतात, गोजरबाई."

"तेवढंच?"

"तेवढंच."

तिला पटलं नाही हे भुवयांवरून दिसत होतं. तरी तिनं वाटी पुढं ठेवली. मी हात घातला, तशी तिनं ती झटकन मागं ओढली.

"दम धरा. आत्ताच खाल्लीय मी."

शाळेत पोरं ताटं वाजवत होती. ती पोटावर हात ठेवून माझ्या शेजारी बसली. वाटीतून वाफ येत होती आणि मला कडकडून भूक लागली होती.