इस्त्रीवालीचा कोपरा

कोळशाच्या इस्त्रीला तापायला वेळ लागतो, काकूला लागत नाही, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. नवरा गेल्यावर इस्त्रीवाल्या काकूने मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर टेबल मांडलं आणि त्याच्याच जोरावर दोन्ही मुलींना शिकवलं.

आता रस्त्याला नवं नाव द्यायचं ठरलं. का, तर इथल्या माणसांची ओळख जपायची! पाटीचा खांब नेमका काकूच्या टेबलाला खेटून रोवला. समारंभाच्या सकाळी नगरसेवक म्हणाला, "काकू, टेबल उचला. परत इथे मांडू नका, पाटी झाकली जाते."

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, तुझ्या अंगावरच्या सदऱ्याला इस्त्री कुणी केली?"

पण ऐकतो कोण! त्याच्या माणसांनी टेबल ढकललं, इस्त्री कलंडली, निखारे रस्त्यावर सांडले.

तेवढ्यात नगरसेवकाचा फोन वाजला. पाहुणे वाट चुकले होते. त्याने नवं नाव सांगितलं, जुनं सांगितलं, शेवटी वैतागून ओरडला, "अहो, ती इस्त्रीवाली बसते ना, तिच्या कोपऱ्यावर या!"

निखारे गोळा करणाऱ्या काकूने मान वर केली.

"सांग की त्यांना," ती कडाडली, "तिला आत्ताच उठवलंय म्हणून!"