पानं कापायचे तास

आमच्या साडूंइतका तापट माणूस अख्ख्या गोंदियात झाला नाही, आणि सरकारनं नेमकं त्यांनाच कारखान्या-कारखान्यांत हिंडून गोड बोलत माहिती काढायच्या नोकरीला ठेवावं, याला काय म्हणावं! कामाचे नेहमीचे तास किती, हे विचारून वरच्या कचेरीला कळवायचं, एवढंच काम. पण 'नेहमीचे' या शब्दावरच त्यांचा दात. लग्नाच्या पंगतीत वाढपी सहज म्हणाला, "जेवा की नेहमीसारखं," तर हे भडकले, "नेहमीसारखं म्हणजे किती? माझ्या पोटाला विचारलंत?" माझी मेहुणी बिचारी पदर तोंडाला लावून बसली.

कचेरीचा नियम असा, की भिंतीवर पाटी असेल तर पाटीवरचे तास घ्या, नसेल तर तिथल्या रिवाजाचे. साडू भातगिरणीत जाऊन पाटीकडे पाठ करून उभे राहत. "पाटी भात कांडते का? माणूस दाखवा!" एका शेटजींनी "बैठो साहब, गुस्सा मत करो," म्हणत लस्सी मागवली. साडूंनी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "लस्सी चांगली आहे. पाटी खोटी आहे."

पण खरी आग होती ती विडीच्या कारखान्यांवर. बाया तिथं बसून विड्या वळत, तेवढेच तास मांडले जात. तेंदूची ओली पानं फडक्यात बांधून घरी न्यायची, चूल आटोपली की कात्रीनं मापात कापायची, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी वळायला पान हाताशी येई. हे कापणं कुणीच धरत नसे. गोंदियाजवळच्या मुर्री गावात साडूंची थोरली बहीण हेच करी. आईबाप गेल्यावर तिनंच पानं कापून यांना मॅट्रिक केलं होतं. साडू कचेरीतल्या साहेबांपुढं उभे राहिले, पानकापणी तासांत धरा म्हणाले. साहेब म्हणाले, "घरी केलं ते घरकाम." "मग पानं काय देवाला वाहतात?" साडू असे ओरडले की चपराशी पाणी घेऊन धावला. मला तर आजही संताप येतो. त्या साहेबांच्या हाती एकदा कात्री द्यायला हवी होती!

तासांचा अहवाल छापून आला. साडू तो घेऊन मुर्रीला गेले, मीही सोबत होतो. बहीणबाई सुपात पानं घेऊन ओसरीवर बसली होती.

"काय लिवलं रे भाऊ आमचं?"

"आठ तास."

"अन् हे मी कापून राह्यली, हे काऊन नाई धरलं?"

मला वाटलं, आता फुटणार. पण साडूंनी कोट काढून खुंटीला टांगला आणि दुसरी कात्री घेऊन बहिणीशेजारी बसले. पानं सगळी वाकडी कापली जात होती.

"राहू दे, पान वाया जाऊन राह्यलं," बाई म्हणाली. ते उठले नाहीत.

पुढं बाई होती तोवर कचेरी सुटली की ते सायकल मारत मुर्रीला जात आणि तिच्याबरोबर पानं कापत. त्यांचेही ते तास कुणी धरले नाहीत. आता साडूही गेले. पंगतीत कुणी 'नेहमीसारखं जेवा' म्हणालं की माझा हात घासाशी थांबतो, आता कुणीतरी ओरडेल म्हणून. कुणी ओरडत नाही. सगळे मुकाट जेवतात.